वर्डस्वर्थांचा मधला चार्ल्स

“वहिनी, वर्डस्वर्थांच्या मधल्याचं कळलं का तुम्हाला?”

“कोण वर्डस्वर्थ? कोपऱ्यावरच्या बंगल्यात भाड्यानं आलेत ते?”

“अहो, ते नव्हेत. डॅफोडिलच्या फुलांवर कविता लिहिणारे वर्डस्वर्थ. विलायतेतले. त्यांच्या धाकट्या भावाचा मधला मुलगा, चार्ल्स.”

“इश्श! मला वाटलं, आपल्या गल्लीतलं काही असेल.” वहिनींनी तोडलेली कढीलिंबाची डहाळी परडीत टाकली. झाड आमचं, पण फांद्या त्यांच्या बाजूला, त्यामुळे हक्क दोघांचाही आहे. डहाळी टाकली, पण पाऊल काही उचललं नाही. कुणाच्या तरी घरातलं आहे एवढी चाहूल लागली की वहिनी कंपाऊंड सोडत नाहीत. मग तो माणूस 1892 साली वारलेला का असेना.

माझं म्हणाल तर सगळी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात गेली. प्राध्यापक मंडळींची बारीकसारीक खबर ठेवायची खोड तिथलीच. हल्ली जिवंत प्राध्यापकांबद्दल बोलायची सोय राहिली नाही, म्हणून मेलेल्यांकडे वळलोय.

“घर कसलं होतं?” वहिनींचा पहिला प्रश्न कायम हाच असतो.

“घर चांगलं. बाप केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचा मास्टर. आपल्याकडचा प्रिन्सिपलच म्हणा, फक्त राहायचा बंगला पुष्कळ मोठा. पण आई 1815 सालीच गेली. थोरला तेव्हा जेमतेम दहाचा, हा नवाचा, धाकटा त्याहून लहान.”

“अगं बाई. तीन मुलगे, आणि आईवेगळे!”

“तिघंही हुशार निघाले. पण बापानं गंमत अशी केली, मधल्याला घातलं हॅरोच्या शाळेत आणि धाकट्या ख्रिस्टोफरला विंचेस्टरच्या. पुढे धाकटा बापाच्याच कॉलेजात केंब्रिजला आणि हा मधला ऑक्सफर्डला. म्हणजे एकाच घरात दोन तट. एक टिळक स्मारकवाला, एक बालगंधर्ववाला.”

“भांडणं व्हायची का?”

“व्हायची, पण मैदानावर.”

आणि मग मी त्यांना 1825 सालची गोष्ट सांगितली. ती सांगताना मला स्वतःलाच इतका आनंद होतो की ऐकणाऱ्याची फार गरज पडत नाही. लंडनचं लॉर्ड्सचं मैदान. हॅरो विरुद्ध विंचेस्टर, या दोन शाळांचा तिथला पहिलाच सामना. हॅरोकडून आमचा चार्ल्स आणि त्याचा दोस्त हेन्री मॅनिंग. समोर विंचेस्टरकडून सख्खा धाकटा भाऊ ख्रिस्टोफर. त्या ख्रिस्टोफरनं मॅनिंगचा झेल घेऊन त्याला घरी पाठवलं. आता यातली मेख पाहा. पुढे हा ख्रिस्टोफर झाला लिंकनचा बिशप, म्हणजे इंग्लंडच्या प्रॉटेस्टंट चर्चमधला बडा धर्माधिकारी. आणि मॅनिंग तेच चर्च सोडून रोमन कॅथलिक झाला आणि पोपनं त्याला कार्डिनल केलं. इंग्लंडात त्या काळी यापेक्षा मोठी भाऊबंदकी नव्हती. म्हणून लोक पुढे कित्येक वर्षं चवीनं सांगायचे, बिशपनं कार्डिनलला पोरवयातच बाद केलं होतं म्हणून!

“आणि सामना झाला त्याच रात्री लॉर्ड्सच्या पॅव्हेलियनला आग लागली. तिथल्या क्लबाची तोवरची सगळी दप्तरं जळून खाक झाली.”

“कुणी लावली?”

“लावली कशाला असेल? लागली.”

“हूं,” वहिनी म्हणाल्या. आग आपण होऊन लागते यावर त्यांचा विश्वास नाही.

इथे एक सांगून टाकतो. आज क्रिकेट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जे येतं, त्यातलं फारसं काही तेव्हा नव्हतं. पायाला पॅड नाहीत. डोक्यावर उंच काळी टोपी, तीही हेल्मेट म्हणून नव्हे, सभ्य दिसावं म्हणून. चेंडू टाकायचा तो खालून, कमरेच्या बाजूनं हात पुढे आणून. खांद्याच्या उंचीवरून हात फिरवणारे दोघे-तिघे ससेक्समध्ये निघाले होते आणि त्यांच्यामुळे जुनी मंडळी खवळली होती. ते चालवून घ्यायचं की नाही हे ठरवायला 1827 च्या उन्हाळ्यात खास सामने भरवावे लागले. डोक्यावरून हात आणून टाकायची परवानगी तर थेट 1864 सालची. आमचा चार्ल्स डावखुरा, खालून हळू टाकायचा, पण टप्पा पडला की चेंडू असा काही वळायचा की भल्याभल्यांच्या यष्ट्या पडायच्या.

“आणि पैसे किती मिळायचे?”

“छदामही नाही. हे सगळे जेंटलमन. पैसे घेऊन खेळणारे वेगळे, त्यांना प्लेअर म्हणायचे. दोघांचा आपसात सामनासुद्धा असे, जेंटलमन विरुद्ध प्लेअर. धावफलकावर जेंटलमनच्या नावापुढे मिस्टर लागायचं, प्लेअरचं नुसतं आडनाव.”

“म्हणजे पंगतच वेगळी.”

वहिनींना हे समजावून सांगावं लागलं नाही.

तर 1827. चार्ल्स तेव्हा ऑक्सफर्डला क्राइस्ट चर्च कॉलेजात. वय अजून एकवीस पुरं नाही. त्या वर्षी लॅटिन कवितेचं चान्सलरचं बक्षीस त्यानंच पटकावलं होतं, म्हणजे पुस्तकात डोकं होतंच. पण सुट्टीत जायचं कुठे? बापाच्या घरी, म्हणजे केंब्रिजला. तिथे शाळेतले जुने मित्र भेटायचे. मित्र भेटले की, तुमच्यात कोण खेळतं, आमच्यात कोण खेळतं, हे आलंच. म्हणून मला वाटतं, ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांच्यात एकदा सामना व्हावा ही कल्पना सुचायला अख्ख्या इंग्लंडात याच्याइतका योग्य माणूस दुसरा नव्हता. एक पाय इकडे, एक तिकडे. विद्यापीठाच्या कुठल्या समितीनं ठराव केला नाही, कुणी परिपत्रक काढलं नाही. पोरांनी पत्रापत्री केली आणि जमवून आणलं. आगगाडीही नव्हती हो तेव्हा. ऑक्सफर्डला गाडी आली 1844 साली. ही मंडळी घोड्यांच्या गाडीतून धक्के खात लंडनला पोचली.

4 जून 1827, लॉर्ड्स. ऑक्सफर्डचा कप्तान चार्ल्स वर्डस्वर्थ, केंब्रिजचा कप्तान हर्बर्ट जेनर. ऑक्सफर्डनं 258 केल्या. केंब्रिज 92 मध्ये गुंडाळलं, त्यांतल्या 47 एकट्या जेनरच्या. चार्ल्सच्या नावावर सात बळी. त्यातही त्या काळी झेल गेला तर गडी गोलंदाजाच्या खात्यात मांडायची पद्धत नव्हती, नुसता झेल घेणाऱ्याचा मान. तेव्हा या सातांकडे जरा आदरानं पाहायला हवं. दुसऱ्या दिवशी मात्र पाऊस आला आणि सामना तसाच राहिला.

“म्हणजे जिंकलं कुणीच नाही?”

“नाही.”

“मग एवढं काय त्याचं?”

“एवढंच की तो सामना अजून चालू आहे.”

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, मी सरकलोय की काय अशा नजरेनं. म्हणून खुलासा केला. ऑक्सफर्ड-केंब्रिजचा हा सामना पुढे दुसऱ्यांदा 1829 साली झाला, तिसऱ्यांदा 1836 साली, आणि 1838 पासून महायुद्धांची वर्षं सोडली तर दरसाल. जगात इतकी वर्षं टिकलेले सामने फार नाहीत.

पण मला जास्त आवडतं ते 1829 साल. तो आठवडा चार्ल्सचा आठवडा.

झालं असं की याला आता होड्यांचाही नाद लागला. शाळेतला आणखी एक दोस्त होता चार्ल्स मेरिव्हेल, तो केंब्रिजच्या सेंट जॉन्समध्ये. दोन चार्ल्स एकत्र आले आणि म्हणाले, क्रिकेट झालं, आता नदीवरही एकदा होऊन जाऊ दे. मार्च महिन्यात केंब्रिजहून रीतसर आव्हानाचं पत्र गेलं, सेंट जॉन्सच्या स्नोचं क्राइस्ट चर्चच्या स्टॅनिफर्थला. शर्यत ठरली हेन्लीला, थेम्स नदीवर, 10 जूनला. आणि क्रिकेटचा दुसरा सामना ठरला होता ऑक्सफर्डला, 5 जूनला!

“एकाच आठवड्यात दोन्ही?”

“दोन्ही. आणि हा दोन्हीकडे.”

“अभ्यास कधी करायचा मेला?”

हा प्रश्न मीही पुष्कळदा स्वतःला विचारलाय. उत्तर असं की पुढच्याच वर्षी तो पहिल्या वर्गात पास झाला. हे उत्तर वहिनींना दिलं नाही. त्यांचा नातू बारावीला आहे आणि संध्याकाळी समोरच्या मोकळ्या प्लॉटवर त्याचा आवाज सगळ्यांत मोठा असतो. भलत्या वेळी भलता पुरावा कुणाच्या हाती देऊ नये.

तर 5 जूनच्या सामन्यात आमच्या कप्तानानं काय दिवे लावले म्हणाल, तर दोन्ही डावांत शून्य. इंग्रजीत याला चष्मा म्हणतात, दोन भोपळे शेजारी शेजारी मांडले की तसं दिसतं म्हणून. याचं म्हणणं, वल्ही मारून मारून हातांची पार वाट लागली होती, बॅट नीट धरताच येईना. असेल. सबब म्हणून वाईट नाही. तरी ऑक्सफर्ड 115 धावांनी जिंकलं, तेव्हा कुणी फार बोललं नसावं.

आणि मग 10 जून. हॅम्बल्डनच्या लॉकपासून हेन्लीच्या पुलापर्यंत, सव्वादोन मैल. दोन्ही काठांवर हजारो माणसं. होडीत आठ वल्हेकरी आणि एक सुकाणूवाला. ऑक्सफर्डच्या होडीत चार नंबरच्या जागेवर चार्ल्स वर्डस्वर्थ. केंब्रिजच्या होडीत चार नंबरच्याच जागेवर चार्ल्स मेरिव्हेल. म्हणजे ज्या दोघांनी मिळून हा उद्योग काढला ते दोघं एकाच ओळीत, फक्त वेगवेगळ्या होड्यांत, एकमेकांच्या नाकावर टिच्चून वल्ही मारत होते. पहिल्यांदा होड्या एकमेकींवर आपटल्या, पुन्हा सुरुवात करावी लागली. दुसऱ्यांदा मात्र ऑक्सफर्ड निघालं ते निघालंच. निळ्या पट्ट्यांचे सदरे घालून आले होते. ऑक्सफर्डचा गडद निळा तो तेव्हापासूनचा.

ती बोट रेस आज टीव्हीवर लाखो लोक पाहतात. 1856 पासून जवळजवळ दरवर्षी. तिच्यासाठी लंडनमध्ये थेम्सच्या काठावर माणूस मावत नाही. दोन जुन्या शाळासोबत्यांनी सुट्टीत केलेला खटाटोप तो!

“मेरिव्हेलचं पुढे काय झालं?” वहिनींना कुठलंही पात्र अर्ध्यात सोडलेलं चालत नाही.

“रोमचा मोठा इतिहास लिहिला. मग ईलीच्या कॅथीड्रलचा डीन झाला.”

“आणि तो सत्तेचाळीसवाला जेनर?”

“तो 1904 पर्यंत जगला. अठ्ठ्याण्णव वर्षं. सगळ्यांना पोचवून गेला.”

“व्यायाम हो, व्यायाम,” वहिनी समाधानानं म्हणाल्या.

खेळ संपला आणि पोटापाण्याचं सुरू झालं. चार्ल्स ऑक्सफर्डलाच राहून शिकवण्या करू लागला. शिकवण्या म्हटल्यावर वहिनींनी जरा नाक मुरडलं, तेव्हा मी विद्यार्थ्यांची नावं सांगितली. एक विल्यम ग्लॅडस्टन, जो पुढे चार वेळा इंग्लंडचा पंतप्रधान झाला. एक मॅनिंग, तोच तो झेल गेलेला. ज्याच्याबरोबर हॅरोत खेळला त्याचीच शिकवणी घेतली. अशी बॅच आपल्याकडच्या एखाद्या क्लासवाल्याला मिळाली असती तर रस्त्यारस्त्यावर फ्लेक्स लागले असते, ग्लॅडस्टनच्या फोटोसकट.

मग 1835 साली विंचेस्टरला सेकंड मास्टर, म्हणजे हेडमास्तरांच्या खालोखालचा. गंमत पाहा, जिच्याविरुद्ध शाळेत असताना खेळला त्याच शाळेत मास्तर! आणि पुढच्या साली धाकटा ख्रिस्टोफर हेडमास्तर होऊन गेला तो हॅरोला. भावांनी शाळा बदलून घेतल्या.

“बाप जिवंत होता ना तेव्हा?”

“होता की. ट्रिनिटीतच होता.”

“मग त्यालाच हसू आलं असेल. दोघांना मुद्दाम वेगळं घातलं, आणि दोघांनी जागाच बदलल्या.”

विंचेस्टरला असताना पुढे एक वर्ष मात्र वाईट आलं. 1835 च्या अखेरीस चार्ल्सचं लग्न झालं होतं शार्लट डे नावाच्या मुलीशी. 1839 च्या मे महिन्यात ती बाळंतपणात गेली. मागे लहानगी मुलगी. शाळेच्या चॅपेलमध्ये तिच्यासाठी शिळा बसवली, तिच्यावर चार्ल्सनं लॅटिनमध्ये दोन ओळी रचून कोरल्या. त्या दोन ओळी पुढे इतक्या नावाजल्या की मोठमोठ्या विद्वानांनी त्या इंग्रजीत आणायची खटपट केली. बत्तीस वर्षांचा माणूस, कवितेची बक्षिसं मिळवलेला, आणि आयुष्यातली सगळ्यांत गाजलेली कविता कुठली, तर ही.

वहिनी काही बोलल्या नाहीत. परडीतला कढीलिंब उगीच वरखाली केला.

त्याच साली, 1839 सालीच, त्याचं ग्रीक व्याकरण बाहेर आलं. हे पुस्तक म्हणजे त्याच्या विद्वत्तेचा कळस. तोवर ईटनच्या शाळेचं जुनंपुराणं व्याकरण चालायचं, त्याच्या जागी शाळाशाळांतून हे लागलं आणि आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. व्हिक्टोरिया राणी नुकतीच गादीवर आली होती. तिच्या राज्यात जी पोरं मोठी झाली, वकील झाली, बिशप झाली, आमच्या इकडे कलेक्टर होऊन आली, त्यांतल्या किती जणांनी वर्डस्वर्थचे धातू घोकले असतील!

“ग्रीक इंग्रजीतून शिकवायचे?”

“नाही, लॅटिनमधून. पुस्तक सगळं लॅटिनमध्ये.”

“कर्म माझं! एक येत नाही ती भाषा दुसऱ्या न येणाऱ्या भाषेतून?”

“अहो, भांडारकरांनी संस्कृतचं पहिलं पुस्तक लिहिलं ते इंग्रजीत. आपल्या आजोबांनी संस्कृत इंग्रजीतूनच घोकलं.”

“म्हणूनच आजोबा चिडके होते,” वहिनी म्हणाल्या.

पुढचा भाग मी भराभर सांगितला, कारण त्यात चर्चच्या राजकारणाचा फार गुंता आहे आणि वहिनींचा कुकर व्हायचा होता. ग्लॅडस्टन आणि त्याचा मित्र जेम्स होप यांनी स्कॉटलंडमध्ये ग्लेनाल्मंडला एक नवी शाळा काढली, ट्रिनिटी कॉलेज. तिचा पहिला प्रमुख म्हणून आपल्या जुन्या गुरुजींनाच नेलं. 1847 साली शाळा उघडली. दरम्यान चार्ल्सनं दुसरं लग्न केलं होतं, विंचेस्टरच्याच बार्टर घराण्यात, आणि या खेपेला घर पोराबाळांनी भरलं. ग्लेनाल्मंडच्या चॅपेलसाठी त्यानं पदरचे पैसे घातले. पण ग्लॅडस्टनशी पुढे राजकारणावरून आणि धर्मावरून पटेनासं झालं. गुरू सांगतो एक, शिष्य करतो दुसरं. हे आपल्याकडेही सगळ्या पक्षांत पाहिलंय. 1853 साली चार्ल्स सेंट अँड्र्यूजचा बिशप झाला आणि अखेरपर्यंत तिथेच राहिला. मधल्या काळात शेक्सपिअरनं बायबल किती वापरलं यावर पुस्तक लिहिलं, बायबलच्या नव्या कराराचं इंग्रजी भाषांतर सुधारायला जी पंडितांची मंडळी बसली तिच्यातही होता. बिशप म्हणून काम कष्टाचं होतं, वाद पुष्कळ घातले. खरं सांगू? या चाळीस वर्षांत मला फारसं स्वारस्य वाटत नाही. आत्मचरित्र लिहायला बसला तेव्हा त्यालाही तसंच वाटलं असावं, कारण 1891 साली जो पहिला भाग छापला तो कोवळ्या वयातल्या दिवसांचा. क्रिकेट, होडी, बर्फावरचं स्केटिंग, मित्र. पुढचा भाग तो गेल्यावर दुसऱ्यांनी काढला.

“मुलीबाळींचं काय? त्या घरातल्या बायका शिकल्या का?”

वहिनींचा हा प्रश्न मला आवडला, कारण उत्तर तयार होतं. धाकट्या ख्रिस्टोफरची मुलगी एलिझाबेथ, म्हणजे चार्ल्सची पुतणी. ऑक्सफर्डमध्ये मुलींसाठी लेडी मार्गारेट हॉल निघालं, 1879 साली मुली राहायला आल्या, तेव्हाची पहिली प्रिन्सिपल ही. आणि 1886 साली जास्त फी न परवडणाऱ्या मुलींसाठी तिनं आणखी एक संस्था काढली, सेंट ह्यूज. आपली मंडळी पुण्यात मुलींची हायस्कुलं काढायच्या खटपटीत होती ते हेच दिवस.

“लग्न केलं तिनं?”

“नाही.”

“शहाणी होती,” वहिनी म्हणाल्या आणि मागे वळून पाहिलं, घरात कुणी ऐकत नाही ना म्हणून.

आणि आता खरी बातमी. ती मी मुद्दाम शेवटी ठेवली होती, कारण ती आपल्या घरापर्यंत येते. या वर्डस्वर्थांतला एक जण मुंबईत होता! कवी वर्डस्वर्थांचा सख्खा नातू, नावानंही विल्यम वर्डस्वर्थ. चार्ल्सच्या चुलत भावाचा मुलगा. एल्फिन्स्टन कॉलेजचा प्रिन्सिपल. गोपाळ कृष्ण गोखले बी. ए. ला एल्फिन्स्टनला गेले, 1884 साली पदवी घेतली, ते याच वर्डस्वर्थांच्या हाताखाली इंग्रजी शिकून. पुढच्याच वर्षी डिसेंबरात मुंबईला गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. सरकारी नोकरीतली माणसं तिथे प्रतिनिधी म्हणून बसणार नव्हती, पण पाहायला म्हणून जे काही बडे लोक आले त्यांत वर्डस्वर्थ प्रिन्सिपल होते, न्यायमूर्ती रानडे होते, डॉ. भांडारकर होते. गोऱ्या प्रिन्सिपलनं तिथे जाऊन बसणं ही साधी गोष्ट नव्हती.

“म्हणजे गोखल्यांचे सर?”

“गोखल्यांचे सर.”

“मग एवढा वेळ हे का नाही सांगितलंत? आमच्या माहेरच्या नात्यातले आहेत गोखले.”

कोणते गोखले, कुठल्या गावचे, हे मी विचारलं नाही. पुण्यात असं विचारायला बसलं तर संध्याकाळ होते.

वहिनींना आता चार्ल्स एकदम जवळचा वाटू लागला. त्यांनी लगेच आणखी एक धागा जोडला. “म्हणजे आपल्या देवधर सरांसारखाच की हो! एस. पी. ला संस्कृत शिकवायचे आणि क्रिकेट खेळायचे.” बरोबर होतं. प्रा. दि. ब. देवधर, एस. पी. कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक, आणि 1926 साली मुंबईत गिलिगनच्या एम. सी. सी. संघाविरुद्ध 148 धावा. अठ्ठेचाळिशीत महाराष्ट्राला रणजी करंडक मिळवून दिला. मी म्हटलं, वहिनी, तुम्ही बोललात त्याहून जास्त खरं आहे. देवधर जन्मले पुण्यात 14 जानेवारी 1892 ला. चार्ल्स वर्डस्वर्थ स्कॉटलंडमध्ये वारला 5 डिसेंबर 1892 ला. एकाच वर्षात एक गेला, एक आला. त्याच डिसेंबरात लॉर्ड हॉकचा इंग्लिश संघ मुंबईत खेळत होता आणि पारशांनी त्याला हरवलं. म्हाताऱ्या बिशपाला ती बातमी काही मिळाली नाही, मिळाली असती तर खूष झाला असता असं माझं आपलं मत.

“मला एक सांगा भावजी,” वहिनी परडी उचलून जाता जाता थांबल्या, “ते ग्रीकचं पुस्तक कुणी वाचतं का आता?”

“नाही. ग्रंथालयात कोपऱ्यात पडलेलं असतं. वर्षानुवर्षं कुणी नेत नाही. आणि त्याचे प्रवचनांचे दोन खंड आहेत, त्यांना तर धूळसुद्धा वैतागली असेल.”

“आणि ते चेंडूफळीचं नि होड्यांचं अजून चालू?”

“चालू.”

“मग तेच त्याचं खरं पुस्तक म्हणायचं!” एवढं बोलून त्या आत गेल्या. कुकरची शिट्टी झालीच.

मला हे पटलं नाही, हे इथे नोंदवून ठेवतो. हजारो पोरांना धातू शिकवणं हे दोन-चार सामने जमवण्यापेक्षा कमी कसं? पण वहिनींशी वाद घालायची सोय नसते, विशेषतः त्या आत गेल्यावर.

तर 4 जून 2027 ला त्या पहिल्या सामन्याला 200 वर्षं पुरी होतील. तुमच्यापैकी कुणाचं लेकरू तेव्हा लंडनला असेल तर त्याला सांगा, लॉर्ड्सवर चक्कर मारून ये, आत जायला तिकीट पडतं ते काढ, आणि एल्फिन्स्टनच्या वर्डस्वर्थांचा चुलता इथे डाव्या हातानं खालून चेंडू टाकायचा म्हणून तिथल्या गाइडला सांगून ये. त्यालाही हे ठाऊक नसेल.